उत्सव शहराचा कीं सरकारचा?

छत्रपति संभाजीनगरांत हिंवाळा लागला म्हणजे चहाच्या टपरीपासून वकिलांच्या बाररूमपर्यंत एक प्रश्न हटकून ऐकूं येतो : यंदा वेरूळ-अजिंठा महोत्सव होणार कीं नाहीं? ज्या शहरांत असा प्रश्न विचारावा लागतो, त्या शहराच्या उत्सवाची प्रकृति ठीक नाहीं हें सांगावयास वैद्य नको. दिवाळी यंदा येणार कीं नाहीं असें कोणी विचारीत नाहीं; पैठणास नाथषष्ठी भरणार कीं नाहीं याची चौकशी करण्यासाठीं कोणी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीची पायरी चढत नाहीं. जो उत्सव लोकांचा असतो त्याची तिथि लोकांच्या अंगवळणीं पडलेली असते. जो मंजुरीवर जगतो त्याची तिथि टिपणीच्या कागदावर लोंबकळत असते. वेरूळ-अजिंठा महोत्सव या दुसऱ्या वर्गांत मोडतो. तो पहिल्या वर्गांत कसा आणतां येईल, याचा विचार आमच्या वाचकांपुढें मांडण्याचा आज आमचा हेतु आहे.

महोत्सवाची हकीकत थोडक्यांत अशी. पूर्वीं तो वेरूळास कैलास लेण्यासमोर भरत असे. आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकीर्दींत एका अखंड डोंगरांतून वरून खालीं खोदून काढलेलें तें देवालय पाठीशीं असतां गाणें ऐकणें व नृत्य पाहणें, हा अनुभव जगांत दुसरीकडे मिळण्याजोगा नव्हता. पुढें महोत्सव शहरांत सोनेरी महालाच्या आवारांत आला. सतराव्या शतकांत बुंदेल्या सरदारानें बांधलेला हा महालहि शोभिवंत आहे, आणि लेण्यांच्या जतनाच्या दृष्टीनें पाहतां या स्थलांतरांत वावगें कांहीं नाहीं. वावगें झालें तें निराळेंच. २०१६ नंतर महोत्सव जो थांबला तो सात वर्षें थांबला. फेब्रुवारी २०२३ मध्यें तो पुन्हां भरला. त्याच महिन्यांत शहराच्या नव्या नांवास केंद्र सरकारची संमति मिळाली, आणि जी-२० राष्ट्रांच्या महिला गटाची बैठकहि त्याच महिन्यांत येथें झाली. शहर पाहुण्यांसाठीं नटलें होतें, म्हणून उत्सवासहि जाग आली. परंतु मधल्या सात वर्षांत महोत्सव नाहीं म्हणून शहरांत कोणाच्या घरीं चूल पेटली नाहीं, असें कांहीं दिसलें नाहीं. आम्हांस खंत वाटते ती याची. उत्सव बंद पडला ही गोष्ट वाईट खरी. पण तो बंद पडल्याचें शहरास जाणवलें नाहीं, ही गोष्ट त्याहून वाईट आहे.

यावर कोणी म्हणतील कीं, मराठवाडा हा अवर्षणाचा मुलूख. येथें माणसास प्यावयास पाणी नाहीं तेथें नाचगाण्यावर पैसा उधळावा काय? हा आक्षेप हलका नव्हे. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातुरास आगगाडीनें पाणी पोंचवावें लागलें, हें आम्ही विसरलों नाहीं. पण या आक्षेपाचें उत्तर बारकाईनें द्यावयास हवें. दुष्काळांत काटछांट करावयाची ती कशांत? रोषणाईंत, मंडपांत, बड्या पाहुण्यांच्या सरबराईंत खुशाल करावी. परंतु कलावंताच्या बिदागीवर पहिली कात्री चालवावी, हा न्याय कोठला? दुष्काळांत शेतकऱ्याच्या घरचीं लग्नें लांबतात, आणि लग्नें लांबलीं म्हणजे वाजंत्र्याच्या, हलगीवाल्याच्या, गोंधळ्याच्या घरची भाकरी आधीं बंद होते. तेव्हां दुष्काळांत उत्सव अजिबात बंद करणें म्हणजे रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, यांतलाच प्रकार होय. पंढरीच्या वाटेवर चालणारे वारकरी पाऊस पडला कीं नाहीं हें विचारून निघत नाहींत. संकटाच्या वर्षींच त्यांस त्या वाटेची गरज अधिक भासते.

दुसऱ्या शहरांकडे पाहिलें म्हणजे आपलें दैन्य अधिक उघड होतें. पुण्यास १९५३ सालीं पंडित भीमसेन जोशी यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तो सरकारनें काढलेला नाहीं. एका संगीतसंस्थेनें चालविला आणि तिकीट काढून बसणाऱ्या श्रोत्यांनीं पोसला. डिसेंबर आला म्हणजे पुणेकर त्या दिवसांची वाट पाहतो. खजुराहो येथील नृत्यमहोत्सव १९७५ पासूनचा. त्यामागें सरकारच आहे, परंतु त्याचा काळ फेब्रुवारीचा, हें परदेशच्या प्रवाशासहि ठाऊक असतें. म्हणजे सरकारी हात लागला कीं उत्सव मरतोच, असेंहि नाहीं. मरतो तो अनिश्चिततेनें. वेरूळ व अजिंठा हीं दोन्ही स्थळें १९८३ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलीं. एकाच जिल्ह्यांत अशीं दोन स्थळें असण्याचें भाग्य किती शहरांच्या वांट्यास येतें? असें असून ज्या शहरास आपल्या उत्सवाची तारीख वर्षभर आधीं सांगतां येत नाहीं, त्या शहरानें प्रवासी येत नाहींत म्हणून रडावें, यांत स्वारस्य नाहीं.

तारखेचा दोष सुधारतां येईल. पण या उत्सवाच्या मुळाशीं याहून खोल असा एक दोष आहे, आणि तो समजण्यासाठीं आम्ही वाचकांस याच शहराच्या शेजारीं जन्मलेल्या एका ग्रंथाची आठवण देतों. तेराव्या शतकांत देवगिरीस यादव राजा सिंघण याच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. उत्तरेकडील व दक्षिणेकडील दोन्ही संगीतपद्धति ज्यास मान देतात असा हा ग्रंथ, आजच्या शहरापासून हांकेच्या अंतरावर तयार झाला. त्यांत संगीताचे दोन भेद सांगितले आहेत : एक मार्ग आणि दुसरा देशी. मार्ग म्हणजे शास्त्रानें आंखलेलें. देशी म्हणजे ज्या त्या प्रांतांतील जनांच्या मनास रिझविणारें. राजाश्रयास बसलेल्या पंडितानेंहि देशीस ग्रंथाबाहेर ठेविलें नाहीं. उलट तिच्या रागांना, वाद्यांना व नृत्यांना पानेंच्या पानें दिलीं. आमच्या महोत्सवानें मात्र सोपा रस्ता धरला. शहराबाहेरून नामांकित गवई व नर्तक आणावे, तीन रात्री टाळ्या व्हाव्या, आणि चौथ्या दिवशीं मंडप उतरावा. त्या थोर कलावंतांविषयीं आम्हांस आदरच आहे. त्यांचें येणें हें शहराचें भूषण होय. पण सबंध ताटांत जर बाहेरचींच पक्वान्नें असतील आणि घरची भाकरी कोठेंच नसेल, तर तें जेवण घरचें म्हणतां येत नाहीं.

घरची भाकरी पाहावयाची असेल त्यानें चैत्रांत शेंद्र्यास जावें. शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावरील हें गांव. आजच्या व्यापाऱ्यास शेंद्रा म्हटलें म्हणजे पंचतारांकित औद्योगिक वसाहत आठवते. २००१ पासून तेथें मोटारी तयार करणारा स्कोडाचा कारखाना आठवतो. २०१९ च्या सप्टेंबरांत पंतप्रधानांच्या हस्ते ज्याच्या मुख्य इमारतीचें लोकार्पण झालें तें ऑरिक नांवाचें नवें उद्योगनगर आठवतें. पण या सर्वांच्या आधींपासून शेंद्रा प्रसिद्ध आहे तें मांगीरबाबांच्या यात्रेसाठीं. मांगीर हें मातंग समाजाचें दैवत; तथापि नवस बोलणारांत व फेडणारांत अठरापगड जातींचीं माणसें असतात. या यात्रेची निमंत्रणपत्रिका निघत नाहीं, तिला कोणी प्रमुख पाहुणा लागत नाहीं, आणि ती व्हावी कीं न व्हावी याची फाईल कोणत्याहि टेबलावर पडून राहत नाहीं. चैत्राचें ऊन डोक्यावर घेऊन लोक कुटुंबेंच्या कुटुंबें घेऊन येतात, तीन दगडांची चूल मांडतात, हलगी कडाडते, आणि रात्र जागून निघते. महोत्सवाला जें साधलें नाहीं तें या यात्रेस पिढ्यान्‌पिढ्या साधलें आहे : लोक तिला आपली म्हणतात.

परंतु जें आपलें असेल तें सारें निर्दोष असतें, असें म्हणणारांपैकीं आम्ही नाहीं. याच यात्रेंत नवस फेडण्यासाठीं पाठींत लोखंडी गळ टोचून घेण्याची चाल चालत आली आहे. ही चाल क्रूर आहे, आणि तिचें समर्थन कोणत्याहि श्रद्धेच्या नांवाखालीं होऊं शकत नाहीं. कायद्याचें म्हणाल तर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ सालीं महाराष्ट्रानें अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला. अलौकिक शक्तीची कृपा मिळावी म्हणून जीवास धोका होईल किंवा गंभीर इजा होईल अशा प्रथा चालविणें व त्यांस उत्तेजन देणें, हा त्यानें गुन्हा ठरविला असून, त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. त्याच कायद्यानें यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांस हात लावलेला नाहीं. कायद्याचा रोख भक्तीवर नसून इजेवर आहे, हें यावरून स्पष्ट आहे. अमुक एक गळ गंभीर इजेच्या व्याख्येंत बसतो कीं नाहीं, याचा कीस न्यायालयांत खुशाल काढावा. माणसाच्या पाठींत लोखंड खुपसणें वाईट आहे हें ठरविण्यासाठीं समाजानें निकालाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

मात्र केवळ कायद्यानें हें काम होईल, अशा भ्रमांतहि कोणी राहूं नये. बंगाल्यांत चरकपूजेंतील गळ टोचण्यावर सरकारनें १८६५ सालींच बंदी घातली. तरी खेड्यापाड्यांतून ती चाल पुढें कित्येक पिढ्या टिकून राहिली. याच्या उलट वाईजवळील बावधनचें बगाड पाहावें. तेथें नवसकऱ्यास शिडास बांधून वर चढवितात. पाठींत लोखंड घालावें लागत नाहीं, आणि त्यामुळें यात्रेची गर्दी ओसरली किंवा देव कोपला, असें कोणी म्हणत नाहीं. चाल बदलली तरी श्रद्धा टिकते, हें महाराष्ट्रांतच सिद्ध झालेलें आहे. शेंद्र्यास तें सिद्ध होऊं नये, असें कांहीं नाहीं.

येथें शहरांतील आमच्या सुशिक्षित बंधूंस दोन शब्द स्पष्ट सांगणें जरूर आहे. गळाची बातमी वाचून ते नाक मुरडतात, अडाणी लोक म्हणून मोकळे होतात, आणि सायंकाळीं महोत्सवाच्या पुढील रांगेंत जाऊन बसतात. ही सुधारणा नव्हे. हा निव्वळ दूर राहण्याचा प्रकार आहे. १८५५ सालीं पुण्यांत जोतीराव फुले यांच्या शाळेंत शिकणारी मुक्ता साळवे ही मातंग मुलगी हिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदया’नें छापला. मोठमोठ्या इमारतींच्या पायांत आपल्या लोकांस जिवंत पुरीत असत, हें त्या चवदा वर्षांच्या मुलीनें त्यांत उघडपणें सांगितलें आहे. ज्या समाजाचें शरीर शतकानुशतकें दुसऱ्यांच्या वाड्यांचा पाया झालें, त्याच्या देवापुढें शरीरच दान म्हणून उभें राहावें, यांत नवल तें काय? ज्याच्यापाशीं द्यावयास दुसरें कांहीं ठेविलेंच नाहीं, तो पाठच पुढें करणार. तेव्हां गळ काढावयाचा असेल तर नुसती मनाई करून भागणार नाहीं. त्याच्या जागीं कांहीं द्यावें लागेल. आणि द्यावयाची वस्तु म्हणजे मान.

तो मान देण्याचें साधन शहराच्या हातीं आयतें आहे. ज्या हलगीच्या ठेक्यावर शेंद्र्याची रात्र जागते, ती हलगी सोनेरी महालाच्या मंचावर येऊं द्या; आणि ती पाहुणे यावयाच्या आधीं वेळ काढण्यासाठीं नको, तर रात्रीच्या मुख्य कार्यक्रमांत, नांवानिशीं व तोलाच्या बिदागीनिशीं आली पाहिजे. अण्णाभाऊ साठे यांच्यासारखा लोकशाहीर याच मातंग समाजांतून निघाला. १९२० सालीं जन्मलेल्या व १९६९ सालीं वारलेल्या त्या पुरुषाची कीर्ति मराठीच्या सीमा ओलांडून गेली. असा वारसा असलेल्यांनीं मंडपाच्या दाराशीं वाजवावें व आंत येऊं नये, ही व्यवस्था आतां पुरे झाली. पैठणचें नाथांचें भारूड, गोंधळ, शाहिरी पोवाडा, खुलताबादच्या उरुसांतील कव्वाली, पैठणीचा व हिमरूचा माग, हीं सर्व या जिल्ह्याची देशी संपत्ति आहे. वेरूळच्या चौतीस लेण्यांत बारा बौद्धांचीं, सतरा हिंदूंचीं व पांच जैनांचीं आहेत. एकाच डोंगरानें तीन धर्मांस जागा दिली. डोंगरास जें जमलें तें एका मंडपास जमूं नये काय?

कांहीं जाणते लोक येथें हरकत घेतील कीं, देवापुढची कला मंचावर आणली म्हणजे तिचा तमाशा होतो. ही भीति आम्ही पोकळ समजत नाहीं. म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं, देव मंचावर आणूं नये, कलावंत आणावा. अंगांत येणें, नवस फेडणें, देवाची स्वारी, हीं गांवचीं गांवींच राहूं द्यावींत. प्रवाशांच्या कॅमेऱ्यासाठीं त्यांचें प्रदर्शन मांडणें हा अपमान होय. परंतु हलगीचा ताल, शाहिराचा आवाज, विणकराचा हात, हे गुण आहेत, आणि गुणाचा गौरव कोठेंहि झाला तरी त्यानें गुण बाटत नाहीं.

आतां व्यवस्थेचा विचार करूं. पहिली गोष्ट तारखेची. दरवर्षीं फेब्रुवारीचा पहिला शुक्रवार, शनिवार व रविवार हे दिवस कायमचे ठरवावेत. अजिंठ्याचीं लेणीं सोमवारीं व वेरूळचीं मंगळवारीं बंद असतात. या तीन दिवसांत दोन्ही स्थळें उघडीं राहतील आणि प्रवाशाचा हेलपाटा चुकेल. दुसरी गोष्ट मालकीची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीं एक विश्वस्त मंडळ नोंदवावें. त्यांत व्यापारी, कलावंत, विद्यापीठांतील अभ्यासक, आणि शेंद्रा, पैठण, वेरूळ, खुलताबाद येथील लोक असावेत. सरकारनें जागा, रस्ते, पाणी व बंदोबस्त पुरवावा, अनुदानहि द्यावें. पण उत्सव व्हावा कीं न व्हावा हें ठरविण्याचा अधिकार त्याच्या हातीं ठेवूं नये. तिसरी गोष्ट जमाखर्चाची. उत्सव संपल्यापासून तीन महिन्यांच्या आंत तपासलेला हिशेब वर्तमानपत्रांत छापला जावा; ज्या वर्गणीचा हिशेब दिसतो ती वर्गणी पुढील वर्षीं वाढते, हें सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मंडळांस पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. चौथी गोष्ट, कार्यक्रमांतील निदान अर्धा वेळ या मुलखांतील कलांस राखून ठेवावा. आणि पांचवी, मंडळाचें काम फेब्रुवारींत संपूं नये. चैत्रांत शेंद्र्याच्या यात्रेंत सांवली, पिण्याचें पाणी, शौचकूप व वैद्यकीय मदत यांची सोय त्यानें यात्रेच्या चालकांच्या सल्ल्यानें करावी. जो पाण्याचा हंडा घेऊन येतो, त्याच्या तोंडून गळ सोडा हें ऐकून घेण्याची लोकांची तयारी असते. जो नुसता उपदेश घेऊन येतो त्याचें कोणी ऐकत नाहीं.

राहतां राहिला पैसा. उत्सवाचा रोजचा खर्च तिकिटांतून व व्यापाऱ्यांच्या वर्गणींतून निघाला पाहिजे; फुकटच्या पासावर बसलेला श्रोता उत्सवाचा मालक कधींच होत नाहीं. पण कलेची जोपासना एवढ्यानें होणार नाहीं, आणि येथें शेंद्र्याच्या कारखानदारांकडे आमचें बोट आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वयें, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता पांचशें कोटि, किंवा उलाढाल एक हजार कोटि, किंवा निव्वळ नफा पांच कोटि रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यास द्यावयाचे असतात. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टांत कला व संस्कृतीचें रक्षण आणि पारंपरिक कला व हस्तव्यवसायांची वाढ हीं कामें स्पष्ट नमूद आहेत. कारखान्याच्या आसपासच्या प्रदेशास प्राधान्य द्यावें, असेंहि कलमांत म्हटलें आहे. मात्र वाचकांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, जाहिरातीच्या लाभासाठीं दिलेलें प्रायोजकत्व किंवा एकदांच होऊन जाणारा समारंभ या खर्चांत धरला जात नाहीं. कायद्याची ही अट आम्हांस अडचण वाटत नसून उपकारच वाटतो. मंडपावर फलक लावून सुटका नाहीं, म्हणजे पैसा वर्षभराच्या कामांतच घालावा लागेल : हलगी व शाहिरीची शाळा, हिमरूच्या मागावर शिकाऊ मुलांस विद्यावेतन, जुन्या भारुडकारांच्या चालींचें ध्वनिमुद्रण. ज्या गांवाच्या जमिनीवर चिमण्या उभ्या राहिल्या, त्या गांवाची कला त्या धुरांत गुदमरूं नये, एवढें ऋण तर कारखान्यांनीं मान्य करावें.

शेवटीं एकच सांगावयाचें. कैलासाचें लेणें ज्यांनीं खोदलें त्या पाथरवटांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. ठाऊक आहे तें राजाचें. बाराशें वर्षांपूर्वीं तसें झालें, तो काळ निराळा होता. आज राजा नाहीं, आणि नांवें लिहून ठेवण्यास कागदहि महाग नाहीं. पुढील महोत्सवाची पत्रिका जेव्हां निघेल, तेव्हां आमच्या वाचकांनीं मंत्र्यांचीं व पाहुण्यांचीं नांवें सोडून खालपर्यंत वाचीत जावें, आणि तींत शेंद्र्याच्या हलगीवाल्याचें नांव आहे कीं नाहीं तें पाहावें. असेल, तर तिकीट विकत घेऊन जावें. नसेल, तर विश्वस्तांस जाब विचारावा. आणि विश्वस्त मंडळच नसेल, तर तें स्थापन करण्यासाठीं आधीं स्वतः घराबाहेर पडावें.